घोडं पेंड खातं ते पेलोडपाशी

घोड्याचा ट्रेलर घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी एक सल्ला देतंच. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. "गाडीच्या माहितीपत्रकातली टोइंग कपॅसिटी बघा. रिकामा ट्रेलर आणि घोडे मिळून त्याच्या आत बसले की बिनधास्त जोडा. इंजिन दमदार हवं, बाकी ट्रेलरला त्याचे ब्रेक असतातच. गाडी मागून बसली तर मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, एअर बॅग, टाकून घ्या. घोडे जरा मागे उभे करा, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, हिचवर, भार येत नाही. युरोपात लोक साध्या मोटारींना दोन-दोन घोडे जोडून नेतात. आणि कंपन्या आकडे हातचं राखूनच देतात, थोडं वर गेलं तर काही होत नाही."

या सल्ल्यातलं एकही वाक्य निखालस खोटं नाही, म्हणूनच तो इतका फिरतो. प्रत्येक वाक्यात अर्धी गोष्ट आहे आणि उरलेली अर्धी रस्त्यावर कळते. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

"टोइंग कपॅसिटीच्या आत बसलं की झालं"

सगळ्यात जास्त वेळ याच वाक्याला द्यायला हवा, कारण बाकीचा सल्ला यावर उभा आहे.

माहितीपत्रकातला तो ठळक आकडा येतो कुठून? कंपनी आधी एक मर्यादा ठरवते: गाडी, ट्रेलर, माणसं, सामान, सगळं मिळून रस्त्यावर जास्तीत जास्त किती वजन असावं. हिला जीसीडब्ल्यूआर म्हणतात. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की टोइंग कपॅसिटी उरते. अमेरिकी पिकअपच्या प्रमाणित हिशेबात गाडीत फक्त दोन माणसं धरतात, दरडोई ६८ किलोची. हौद्यात सामान नाही, हौद्यावर टप नाही, मागच्या सीटवर मुलं नाहीत. शिवाय तो आकडा त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना लागू नसतो. इंजिन, मागच्या ॲक्सलचं गिअर गुणोत्तर, केबिनचा आणि हौद्याचा आकार बदलला की आकडाही बदलतो. जाहिरातीत अर्थातच त्यातला सगळ्यात मोठा छापतात.

पण समजा तुमच्या गाडीचा नेमका आकडा तुम्ही शोधून काढलात. तरीही तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: गाडी किती वजन ओढेल? ट्रेलरचा सगळा भार काही त्याच्या चाकांवर नसतो. त्याचं नाक हिचवर टेकलेलं असतं आणि नाकाचा तो भार गाडीला अंगावर घ्यावा लागतो. साध्या, बंपरमागे जोडायच्या ट्रेलरमध्ये हा भार भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. पिकअपच्या हौद्यात जोडायच्या गूजनेक ट्रेलरमध्ये साधारण २० ते २५ टक्के. गाडीच्या लेखी हे ओढायचं वजन नाही, वाहायचं वजन आहे. हौद्यात ठेवलेल्या पोत्यासारखंच ते पेलोडमधून, म्हणजे गाडी अंगावर वाहू शकते त्या वजनातून, वजा होतं. टोइंग कपॅसिटी मोठी म्हणून खूश झालेल्यांचं घोडं पेंड खातं ते इथे.

एक हिशेब करून बघू. गाडी मी मनाने रचली आहे, पण आकडे नावापुरत्या ‘अर्ध्या टनाच्या’ वर्गातल्या पिकअपमध्ये आढळतात तसेच आहेत. रिकामं वजन २,५६० किलो. गाडीचं सामानासह कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ३,२०० किलो. म्हणजे पेलोड ६४० किलो. टोइंग कपॅसिटी ४,३०० किलो.

आता ट्रेलर. दोन घोड्यांचा, पुढे सामानाची छोटी खोली असलेला. रिकामा १,४५० किलो. प्रत्येकी ५५० किलोचे दोन घोडे, म्हणजे १,१०० किलो. खोगिरं, लगाम, पेट्या, झुली मिळून १२०. पाणी १०० लिटर, म्हणजे १०० किलो. एक घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पितो, त्यामुळे हे काही चैनीचं पाणी नव्हे. गवताच्या गाठी ६० किलो. बेरीज २,८३०.

सल्ल्याप्रमाणे बघितलं तर चैनच आहे. ४,३०० पैकी २,८३०, म्हणजे एक तृतीयांश क्षमता मोकळी!

आता गाडीच्या बाजूने बघा. चार मोठी माणसं ३०० किलो. हौद्यावरचा टप ९०. हिचचा दांडा, बॉल (ज्यावर ट्रेलरचं नाक बसतं तो गोळा) आणि जोडणीचं सामान ३०. हौद्यात स्टेपनी, जॅक, हत्यारं, बॅगा ७०. झाले ४९०. ट्रेलरच्या नाकाचा भार १३ टक्के धरला तर ३६८. एकूण ८५८ किलो, आणि गाडीची ताकद ६४० ची. २१८ किलो जास्त. उलटीकडून मोजा: ४९० गेल्यावर नाकासाठी उरले १५० किलो. १३ टक्क्यांच्या हिशेबाने तेवढ्यात जेमतेम १,१५० किलोचा ट्रेलर बसतो. आपला ट्रेलर रिकामाच १,४५० चा आहे. म्हणजे ४,३०० किलो ओढू शकणाऱ्या या गाडीला, चार माणसं आणि टप असताना, घोडे न चढवलेला ट्रेलरसुद्धा जड आहे.

मात्र यावरून "ही गाडी बाद" असं मी म्हणणार नाही. उलट बाजूचे काही कडक सल्लागार तसं म्हणतात. टप काढा, दोन माणसांना दुसऱ्या गाडीने पाठवा, हौद्यातलं सामान हलवा. आता गाडीत माणसं १५० आणि हिच ३०, म्हणजे १८०. त्यात ३६८ मिळवले तर ५४८. ६४० च्या आत, वर ९२ किलो शिल्लक. तीच गाडी, तोच ट्रेलर, तेच घोडे. नुसतं "ही गाडी दोन घोडे ओढेल का?" असं विचारलं की उत्तर देता येत नाही ते यामुळे. त्या दिवशी गाडीत कोण आणि काय आहे, हे आधी सांगावं लागतं.

पेलोडचा आकडा माहितीपत्रकात शोधू नका, तिथेही सगळ्यात मोठाच छापलेला असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती, हे तिथे तुमच्याच गाडीपुरतं लिहिलेलं असतं. उघडणारं छप्पर, मोठी चाकं, चामडी सीट असली की महागड्या आवृत्तीचा पेलोड साध्या आवृत्तीपेक्षा कमी भरतो. डिझेल इंजिन टोइंग कपॅसिटी वाढवतं, पण ते स्वतः जड असल्याने पेलोड खातं. अमेरिकी स्टिकरवरच्या आकड्यात चालकही मोजायचा असतो. युरोपी कागदपत्रांत गाडीच्या रिकाम्या वजनातच ७५ किलोचा चालक धरलेला असतो. कुठला आकडा हातात आहे ते बघूनच वजाबाकी करा.

आणखी एक आकडा बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो, मागच्या ॲक्सलचा. हिचचा बॉल मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे इथे तरफेचा नियम चालतो. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ३.७ मीटर अंतर आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर नाकावरचे ३६८ किलो मागच्या ॲक्सलला ४८७ किलोंसारखे भासतात. वरचे ११९ पुढच्या ॲक्सलवरून उचलले जातात. म्हणजे ज्या चाकांनी गाडी वळवायची आणि ब्रेक लावताना ज्यांच्यावर सगळ्यात जास्त भिस्त, तीच हलकी होतात. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचे दिवे जातात तेही यामुळेच.

घोड्यांच्या वजनाचीही गंमत असते. मालकाला विचारलं तर प्रत्येकाचा घोडा "पाचशेच्या आसपास" असतो. साधारण स्वारीचा घोडा ४५० ते ५५० किलो भरतो हे खरं, पण वॉर्मब्लड जातीचा ६०० च्या वर सहज जातो आणि ओझी ओढणाऱ्या अवजड जातींचे घोडे ८००-९०० चे असतात. काटा नसेल तर टेप घ्या. तंग आवळतो तिथला छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा. त्याला खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १८५ आणि लांबी १६५ असेल तर उत्तर येतं सुमारे ४७५ किलो. हा अंदाजच आहे, पण डोळ्यांनी केलेल्या अंदाजाहून कितीतरी बरा.

"घोडे मागे उभे करा, हिचवर भार येत नाही"

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून हसू येईल. गाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या हातून गाडीचा ताबा जातो. ट्रेलर उलाळ झाला की नेमकं हेच होतं, फरक एवढाच की इथे वेग ताशी ८० किलोमीटर असतो.

नाकावरचा भार कमी झाला की पेलोड वाचतो हे खरं. पण ट्रेलर रस्त्यावर सरळ राहतो तोही त्याच भारामुळे. तो कमी पडला की वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकने ट्रेलरचं शेपूट एकदा हलतं, आणि मग थांबायचं नाव घेत नाही. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबणं ही अगदी स्वाभाविक प्रतिक्रिया, आणि चुकीची. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर केबिनमधल्या कंट्रोलरच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागून ओढ बसली की ट्रेलर पुन्हा रांगेत येतो.

त्यातून घोडा म्हणजे बांधून ठेवलेली पोती नव्हेत. तो वळणावर अंग तोलतो, ब्रेक लागला की पुढे झुकतो, माशी बसली तरी पाय आपटतो. उभ्या घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे यावरही नाकाचा भार बदलतो. शिवाय हे सगळं वजन उंच पायांवर उभं आहे आणि ते पाय आधीच उंच असलेल्या फरशीवर. विटांनी भरलेला आणि घोड्यांनी भरलेला ट्रेलर काट्यावर सारखेच भरले तरी वळणावर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून दोन घोड्यांच्या सरळ ट्रेलरमध्ये एकच घोडा न्यायचा असेल तर तो रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला उभा करतात. रस्ता कडेला उतरता असतो, कडेच्या बाजूला घोडा असला की सगळा ट्रेलर तिकडे कलतो. दोन असतील तर जडवाला मध्याकडे. तिरक्या कप्प्यांच्या ट्रेलरमध्ये एकटा घोडा पहिल्या, म्हणजे पुढच्या कप्प्यात.

"इंजिन दमदार हवं, ब्रेक ट्रेलरला असतातच"

आजकालच्या इंजिनांची ताकद हा खरं तर फसवा दिलासा आहे. पूर्वी जड ट्रेलर जोडला की गाडी चढावर धापा टाकायची आणि चालकाला आपसूक समज मिळायची. आता टर्बो इंजिन आणि दहा गिअरचा गिअरबॉक्स काही जाणवूच देत नाहीत. चढ चढून जाता येणं ही परीक्षा नव्हेच. परीक्षा पलीकडच्या उतारावर असते. टर्बो नसलेलं इंजिन असेल तर उंचीचाही हिशेब करा: दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते.

थांबायला लागणारी मेहनत वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्क्यांनी वाढतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. ट्रेलरला ब्रेक "असतात", पण ते गाडीशी जुळवलेले असतात का? इलेक्ट्रिक ब्रेकसाठी केबिनमध्ये कंट्रोलर लागतो, आणि त्याचा जोर घोडे चढवल्यावर वेगळा ठेवावा लागतो, रिकामा ट्रेलर नेताना वेगळा. रिकाम्यासाठी लावलेली सेटिंग भरलेल्या ट्रेलरला थांबवत नाही. भरलेल्यासाठीची सेटिंग रिकाम्या ट्रेलरची चाकं जाम करते. युरोपी ट्रेलरमध्ये ओव्हररन ब्रेक असतात: गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. पद्धत साधी, भरवशाची, पण झोके घेणारा ट्रेलर केबिनमधून वेगळा आवरायची सोय तिच्यात नाही.

ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरमध्ये एका छोट्या बॅटरीवर चालतो. ती बॅटरी शेवटची कधी तपासली, हा प्रश्न ट्रेलरवाल्यांना विचारून बघा; बहुतेकांना ती कुठे बसवली आहे तेही आठवावं लागतं.

आणि सगळे ब्रेक उत्तम असले तरी तुम्ही ते करकचून दाबू शकत नाही, कारण मागे चार पायांवर तोल सांभाळत कुणीतरी उभं आहे. एरवी आणीबाणीत जेवढ्या अंतरात थांबता, त्याच्या कितीतरी जास्त अंतर आधीपासून राखावं लागतं. घोडे नेणारी गाडी कंटाळवाणी वाटेल इतकी हळू चालली तर चालक जाणकार आहे असं खुशाल समजा.

"एअर बॅग टाका, पाटे वाढवा"

गाडी मागून बसली हे लक्षण झालं. एअर बॅग ते लक्षण झाकते. गाडी दिसायला सपाट होते, दिवे खाली येतात, पण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, चासी, टायर तेच राहतात. दारावरचा स्टिकरही तोच.

भार वाटून देणारा हिच, म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशनचा, ही त्याहून वेगळी आणि खरोखर उपयोगी चीज आहे. लांब पट्ट्यांच्या ताणाने तो नाकाचा काही भार गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतो. वर सांगितलेल्या तरफेवर हाच उतारा. पण तोही गाडीची कमाल वजनमर्यादा वाढवत नाही. उलट कित्येक गाड्यांच्या हिचवर दोन आकडे लिहिलेले असतात, साध्या बॉलवर एक आणि अशा हिचसह दुसरा, आणि टोइंग कपॅसिटीची बढाई बहुधा दुसऱ्याच्या जोरावर मारलेली असते. गाडीखाली वाकून ते लेबल वाचायला एक मिनिट लागतं.

खाली वाकलाच आहात तर बॉलचा व्यासही बघून घ्या. २ इंची बॉलवर २ पूर्णांक ५ षोडशांश इंचाचा कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरची वाटी, अगदी व्यवस्थित बसल्यासारखा दिसतो, खटकासुद्धा लागतो. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उडी मारून बाहेर येतो. कपलर बंद केल्यावर जॅकने ट्रेलरचं नाक थोडं वर उचलून बघा. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली पाहिजे.

"युरोपात साध्या मोटारी दोन घोडे नेतात"

नेतात की. पण त्यांचा ट्रेलरच वेगळा. दोन घोड्यांचा तिकडचा हलका ट्रेलर रिकामा हजार किलोच्या आतबाहेर असतो, सामानाची खोली वगैरे लाड नसतात. ॲक्सल मधोमध आणल्यामुळे नाकाचा भार कमी, आणि मोटारींच्या हिचवर तो भार बहुधा ७५ ते १५० किलोच्या आतच ठेवावा लागतो. एवढ्या हलक्या नाकाने ट्रेलर झुलत कसा नाही? वेगामुळे. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला साधारण ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. १०० ने जायचं तर त्यासाठी वेगळी मान्यता लागते. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सांगतात की भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, मग कंपनीचा आकडा काहीही असो. हलका ट्रेलर, हलकं नाक आणि कमी वेग ही तिकडची तीन कलमं एकत्र येतात तेव्हा जमतं. त्यातलं फक्त "छोटी गाडी" एवढंच उचलून तिच्यामागे जड ट्रेलर लावायचा आणि ११० ने जायचं, याला युरोपी पद्धत म्हणत नाहीत.

"कंपन्या हातचं राखून आकडे देतात"

खरं तर बरीच वर्षं उलटंच चाललं होतं. टोइंग कपॅसिटी कशी मोजायची याचा सगळ्यांना मान्य असा नियमच नव्हता. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजायची आणि शेजाऱ्यापेक्षा मोठा आकडा छापायची. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये ‘जे-२८०७’ नावाचं मानक काढलं. टोयोटाने ते आधी स्वीकारलं, २०११ च्या मॉडेलपासून, आणि तिच्या टुंड्रा पिकअपचे आकडे खाली आले. गाडी तीच होती. बाकीच्या कंपन्यांना यायला आणखी काही वर्षं लागली.

या मानकातली चाचणी काही लेचीपेची नाही. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, बाहेर ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकाडा, एसी पूर्ण जोरात, आणि तरी गाडीचा वेग ठरलेल्या मर्यादेखाली जाता कामा नये. १२ टक्क्यांच्या चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून निघायचं, पुढे आणि पुन्हा मागे. म्हणजे आकडा खोटा नसतो. पण चाचणीत नाकाचा भार १० टक्के धरतात, गाडीत दोन माणसं असतात आणि ट्रेलरमधलं वजन जिवंत नसतं. हातचं राखलेलं जे काही असेल ते नव्या टायरांचं, ताज्या ब्रेक पॅडचं, सुस्थितीतल्या गाडीचं आहे. दहा वर्षं वापरलेल्या गाडीत ते आधीच खर्च झालेलं असतं.

माझा स्वतःचा नियम असा: भरलेला ट्रेलर टोइंग कपॅसिटीच्या ८० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, आणि पेलोड, ॲक्सल, हिच, टायर यांच्या मर्यादांना एक किलोचीही सूट नाही. पहिल्या आकड्यात माझी मर्जी चालते, बाकीच्यांत नाही.

टायरांबद्दल दोनच गोष्टी. ट्रेलरसाठी बनवलेल्या एसटी (स्पेशल ट्रेलर) टायरांपैकी पुष्कळांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर असते. आणि घोड्याचा ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहतो, म्हणून त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. वरची नक्षी नवीकोरी दिसते. बाजूला कोरलेले चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पिकअपला मोटारीचे पी-मेट्रिक टायर बसवले असतील तर त्यांच्यावर छापलेली भारक्षमता १.१० ने भागून धरायची, हेही सांगून ठेवतो, कारण टायर बदलून देणारा सांगेलच असं नाही.

राहता राहिला वजनकाटा. वर मांडलेले सगळे हिशेब कागदावरचे आहेत. ते खरे की खोटे हे काट्यावर दोन फेऱ्यांत ठरतं. पहिली फेरी पूर्ण तयारीनिशी: घोडे, पाणी, चारा, माणसं, सगळं. गाडीच्या दोन्ही ॲक्सलचं आणि ट्रेलरच्या चाकांचं वजन वेगवेगळं घ्या. दुसऱ्या फेरीत फक्त गाडी, पण तीच माणसं आणि तेच सामान घेऊन. वरच्या उदाहरणातली चार माणसांची गाडी एकटी ३,०५० किलो भरेल, ट्रेलर जोडल्यावर तिच्या दोन ॲक्सलवर ३,४१८ येतील आणि ट्रेलरच्या चाकांवर २,४६२. गाडीवर वाढलेले ३६८ हा नाकाचा भार. तो ट्रेलरच्या चाकांवरच्या वजनात मिळवला की ट्रेलरचं पूर्ण वजन २,८३०, आणि ३६८ म्हणजे त्याच्या १३ टक्के. वेट डिस्ट्रिब्यूशनच्या पट्ट्या असतील तर त्या या मोजणीपुरत्या सैल सोडा, नाहीतर भार इकडून तिकडे सरकून नाकाचा आकडा कमी दिसतो.

दोन फेऱ्या एकाच दिवशी उरकायची घाई करून घोडे आत असताना ट्रेलर काट्याजवळ सोडून ठेवू नका. गाडीला न जोडलेल्या ट्रेलरमध्ये घोडा मागे सरकला की नाक हवेत जातं. पहिली फेरी झाली की घरी जाऊन घोडे उतरवा, ट्रेलर सोडा आणि मग एकटी गाडी घेऊन परत या.